भिंत ओळंब्यात

माझ्या हातून आयुष्यात एकच फोटो खऱ्या अर्थानं चांगला आला, आणि त्याबद्दल मला स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं की हा फोटो चांगला येण्यास सर्वस्वी मीच जबाबदार आहे. लिहून देऊनही उपयोग झाला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे हसू आलं तर खुशाल हसा. मी स्वतः त्या वेळी बऱ्याच ठिकाणी हसलो होतो.

एका कॉलेजच्या कचेरीत मी एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरच्या बाजूला उभं राहणाऱ्यांना वाटतं की अर्ज घेणं हे कारकुनाचं काम. साफ चूक. अर्ज परत करणं हे त्याचं काम. घेतला जातो तो नाइलाजानं. आणि परत करायला सगळ्यात सोपं कारण म्हणजे फोटो. कान दिसत नाही, डोकं कापलंय, मागे कॅलेंडर आलंय. फोटोपायी मी किती पोरांना परत पिटाळलं याची गणतीच नाही. निवृत्त होऊन बावधनच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा माझ्याकडे कमाई म्हणावी अशी ही एकच होती: अर्ज कुठे अडकणार हे मला वासावरून कळायचं.

त्यामुळे फेब्रुवारीत एका सकाळी लिलाबाई फरशी पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "काका, घरकुलाचा फारम आता मोबाइलवर भरत्यात म्हनं. तुमच्या मोबाइलवर जमंल का?" तेव्हा मला जुन्या पैलवानाला कुणी कुस्तीचं बोलावणं धाडावं तसं झालं.

लिलाबाई आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. लवळ्याच्या डोंगरामागे करंजटेप नावाची पंधरा घरांची वाडी आहे, तिथून ती डोंगर उतरून लवळ्यात येते आणि कानात इअरफोनची बोंडं घातलेल्या कॉलेजच्या पोरांमध्ये अंग चोरून रिक्षानं बावधन गाठते. नऊ म्हणजे नऊला दारात. नवरा नथू रोजंदारीवर, मिळेल ते काम करणारा. मुलगी लग्न होऊन पौडाकडे दिलेली. घर मातीचं, वर पत्रा.

"भित भाईर आलीया," तिनं सांगितलं. "गेल्या पावसापासनं. ह्यांनी टेकू दिलाय लाकडाचा. पर आनखी एक पावसाळा न्हाई काडायची ती."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून हेमलतानं, म्हणजे आमच्या सौ.नी, मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी या घरात जेव्हा जेव्हा "एवढंच ना" म्हणालो आहे तेव्हा तेव्हा दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलवावा लागला आहे, असं तिचं म्हणणं. पण हा नळ नव्हता. हा अर्ज होता.

योजना केंद्राची. नियम दिल्लीत ठरलेले आणि ते सगळे मोबाइलमधल्या एका ॲपमध्ये भरून ठेवलेले. आधार, रेशनकार्ड, जॉबकार्ड, पासबुक, ग्रामपंचायतीचा आठ-अ उतारा, सगळं लिलाबाईनं एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. एवढी टापटीप मी पदवीधरांत पाहिली नाही. मग ॲपनं तिचा चेहरा मागितला. चेहरा दिला. त्यावर ॲप म्हणालं, डोळे मिचकवा.

"लिलाबाई, डोळे मिचकवा."

ती पदर तोंडाला लावून मागे सरकली. "अगं बया! तुमच्यापुडं?"

"माझ्यापुढे नाही, सरकारपुढे."

"सरकार कुटं हाय हितं? तुमीच हाय की!"

पाऊण तास मी एका परस्त्रीला डोळे मिचकवण्याचा आग्रह करत होतो, तोही दार उघडं असताना. नेमके खालच्या मजल्यावरचे विठ्ठलराव वर आले. विठ्ठलराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आणि सल्ला देण्यातून मात्र अजून निवृत्त व्हायचे आहेत. दारातच थांबून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." शेवटी मोबाइल हेमलतानं हातात घेतला आणि लिलाबाईनं तिच्याकडे बघून एका झटक्यात डोळे मिचकवले. सरकारला ओळख पटली.

राहिला घराचा फोटो. नियम असा की फोटो जागेवर जाऊन, त्याच ॲपमधून काढायचा, पूर्ण घर दिसलं पाहिजे आणि घरातली माणसं समोर उभी पाहिजेत.

"नरहरी, एक लक्षात ठेव," विठ्ठलराव आमचा चहा पीत म्हणाले, "फाईल वाचतो कोण? कुणी नाही. फोटो बघतात. फोटो झकास पाहिजे."

हे माझंच मत होतं, त्यामुळे मला ते फार मोलाचं वाटलं. मी लिलाबाईला सांगितलं, "रविवारी येतो फोटो काढायला. तयार राहा. फोटो थेट दिल्लीला जाणार आहे."

हे शेवटचं वाक्य मी उगाच बोललो. आता वाटतं, तेवढं एक गिळलं असतं तर.

रविवारी चारच्या सुमारास मी स्कूटर लवळ्यात लावली आणि डोंगर चढून करंजटेपला पोचलो. घर कुठलं हे विचारावं लागलं नाही, कारण अख्खी वाडी एकाच घरासमोर उभी होती. घर निळं होतं. ताजं निळं. भिंती शेणामातीनं अशा गुळगुळीत लिंपल्या होत्या की सिमेंटचा गिलावा वाटावा, आणि त्यावर कुणाच्या तरी देवळाचा उरलेला निळा रंग मारला होता. दारात पडदा, आणि तो हेमलतानं मागच्या दिवाळीत दिलेल्या साडीचा. पडदा मुद्दाम बाजूला सारलेला, म्हणजे आतलं लोखंडी कपाट दिसावं. कपाट शेजारच्या विश्रामचं. ते चार गड्यांनी उचलून आणलं होतं. टेबलफॅन दुसऱ्या कुणाचा, अंगणातल्या चार लाल खुर्च्या तिसऱ्याच्या. नथू पांढरा सदरा घालून उभा होता. सदऱ्याला घडीच्या चार रेघा होत्या, आणि त्या मोडतील म्हणून तो हात हलवत नव्हता.

"हे सगळं काय, लिलाबाई?"

"फोटू दिल्लीला जानार म्हनलात तुमी. तितली मानसं काय म्हनतील? घरात कपाट न्हाई, बसाय खुर्ची न्हाई? आमच्यात सोयरीक बघाय पाव्हनं आलं तरी वाडी घर भरून देती. ही तर दिल्ली."

यात मला चूक काहीच दिसली नाही. माझ्या मुलीला बघायला आले होते तेव्हा मीही विठ्ठलरावांकडून काचेचे कप आणले होते. घरची अब्रू म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. कारकुनाची अक्कल त्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे. गरिबीच्या अर्जाला गरिबीचा फोटो लागतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एकतीस वर्षांत मी फोटो वाईट आहे म्हणून अर्ज परत केले होते. चांगला आहे म्हणून एकही नाही.

नथूनं मला भिंत दाखवली. पश्चिमेकडची भिंत बाहेरच्या अंगाला कलली होती. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये माझी मूठ जाईल एवढी फट. बाहेरून एक जाड ओंडका तिरका लावला होता. आमच्या हॉलच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली तेव्हा मी बिल्डरला चौदा पत्रं लिहिली होती. त्या फटीतून मी आकाश बघितलं आणि म्हणालो, "हो, हे काम लवकर व्हायला पाहिजे."

आणि मग मी फोटो काढायला लागलो.

पहिली अडचण ओंडक्याची. तो नेमका मध्ये येत होता. "नथू, हा दोन मिनिटं काढता येईल?" नथूनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओंडका काढला. दुसरी अडचण भिंतीची. मोबाइलमध्ये ती अशी काही तिरकी दिसायला लागली की माझा जीव कासावीस झाला. वाकडा फोटो मला बघवत नाही, हा धंद्याचा रोग. मी मोबाइल थोडा तिरका धरला. भिंत सरळ आली. पण आता माणसं तिरकी दिसायला लागली. "नथू, जरा डावीकडे कला. लिलाबाई, तुम्हीही." दोघं कलली. भिंत जेवढी कलली होती बरोबर तेवढीच. विजेचा खांब मी चौकटीबाहेर ठेवला. पाच वाजता ऊन मऊ झालं, निळ्या भिंतीवर पिवळसर उजेड आला आणि मी म्हणालो, "थोडं हसा." नथू हसला. मी बटण दाबलं.

नथूनं ओंडका परत लावला. सगळ्या वाडीनं मोबाइलमध्ये डोकावून फोटो पाहिला. "लई भारी आला," विश्राम म्हणाला. लिलाबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून विचारलं, "आमचं घर हाय व्हय हे?"

त्या संध्याकाळी मी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्रेसष्ट अंगठे आले. वरच्या मजल्यावरच्या दिग्विजयनं, जो एरवी फक्त पार्किंगबद्दल भांडतो, विचारलं, "फार्महाऊस कुणाचं आहे काका? वीकेंडला मिळेल का?" मी ते हेमलताला मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही दोघं हसलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. लिलाबाईनं नेहमीप्रमाणे भांडी घासली, फरशी पुसली, आणि जाताना चपला घालताना म्हणाली, "काका, आमचं नाव न्हाई आलं."

अर्जापुढे शेरा होता: 'माहिती व छायाचित्र विसंगत. घर पक्के व सुस्थितीत.'

मी कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते सांगत नाही. सगळ्यांच्या खिडक्या सारख्याच असतात, फक्त या वेळी मी बाहेरच्या बाजूला होतो. आतला कारकून तरुण होता आणि, वाईट म्हणजे, सौजन्यशील होता. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं. त्यानं मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि संगणकावर माझा फोटो उघडला. मोठ्या पडद्यावर तो आणखीच सुंदर दिसत होता.

"काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "यात कच्चं काय आहे?"

"भिंत. ती पडायला आली आहे."

त्यानं टेबलावरची पट्टी उचलून पडद्यावर भिंतीच्या कडेला उभी लावली. "बघा. ओळंब्यात आहे भिंत. गवंडी ओळंबा सोडून बांधतो त्यापेक्षा सरळ."

"मी मोबाइल तिरका धरला होता."

"मग माणसं तिरकी दिसली असती."

"माणसांना मी कलायला सांगितलं होतं."

त्यानं पट्टी खाली ठेवली. एकतीस वर्षं मी लोकांच्या सबबी ऐकल्या आहेत. आजी वारली, कुत्र्यानं गुणपत्रिका खाल्ली, सगळं. पण इतकी पडेल सबब कुणी माझ्या खिडकीशी आणली नव्हती. मी घाईघाईनं फोटोत खाली कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक कोंबडी होती. तिला कल म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. ती चांगली दहा अंश तिरकी उभी होती.

"ही कोंबडी बघा."

कारकुनानं फोटो मोठा केला. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. कोंबडीवर चर्चा झाली. शेवटी तो म्हणाला, "उतारावर असेल, काका."

तरीही माणूस चांगला. त्यानं सांगितलं की असं लेखी द्या, प्रतिज्ञापत्र करा, फेरपाहणीला पाठवतो.

बाहेर झाडाखाली टंकलेखक बसला होता. त्याच्याकडून मी हे टाइप करून घेतलं: 'मी, नरहरी, वय वर्षे एकसष्ट, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर छायाचित्र घेताना मी मोबाइल तिरका धरला. लाभार्थी व तिचे पती यांस कललेले उभे राहण्यास मीच सांगितले. टेकू मीच काढविला. कपाट, पंखा व खुर्च्या शेजाऱ्यांच्या आहेत. छायाचित्रातील कोंबडी तिरकी दिसत असली तरी ती प्रत्यक्षात सरळ उभी होती.' टंकलेखकानं विचारलं, "हे सगळं केलं कशासाठी, ते काय टाकू?" मी म्हणालो, "फोटो चांगला यावा म्हणून." त्यानं 'स्वखुशीने' असं टाकलं. सही करताना मला अपमान एवढा झोंबला की त्या क्षणी मी लिलाबाईच्या भिंतीचा नाही, फक्त माझ्या एकतीस वर्षांचा विचार करत होतो. हेही लिहून ठेवायला पाहिजे.

कारकुनानं शिक्का मारला आणि फेरपाहणीचे नियम सांगितले. पाहणी कधीही होईल, आधी कळवत नाहीत. घराला कुलूप दिसलं तर 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि अर्ज कायमचा बाद होतो. आणि घराची डागडुजी करायची नाही. दुरुस्ती दिसली तर घर दुरुस्त होण्याजोगं आहे असं धरतात.

हे नियम मी विजयाची बातमी द्यावी तसे लिलाबाईला सांगितले. "आता काही करू नका. भिंतीला हात लावू नका. आहे तशी दिसली पाहिजे. आणि घरात कुणी ना कुणी सतत हवं."

"सतत?"

"दिवसभर. कचेरीच्या वेळेत."

"मग ह्यांनाच बसाय लागंल," ती म्हणाली.

नथूनं कामावर जाणं सोडलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तो दारात बसायचा, एखाद्या सरकारी नोकरासारखा. शनिवार-रविवारी सुट्टी. विश्राम त्याला हाका मारायचा, "काय नथूसायेब, आज फाईल आली का?" नथू हसायचा. जुलैत मुळशीचा पाऊस जसा लागतो तसा लागला. विश्राम एकदा म्हणाला, भिंतीच्या पायाला दगड भरू, दोघंजण दोन दिवसांत करू. नथूनं सांगितलं, काकांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय.

हेमलता मला म्हणाली, "अहो, पावसाचे दोन महिने त्यांना इथे बोलवा. मागची खोली रिकामीच आहे."

"आणि कुलूप दिसलं तर? सगळं मुसळ केरात."

"जीव मोठा की शेरा?"

"तुला नियम माहीत नाहीत," मी म्हणालो.

ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. तिला नियम माहीत नव्हते, हे खरंच होतं.

मी विठ्ठलरावांना घेऊन दोनदा कचेरीत गेलो. पाहणीला मुलगी एकच आणि गावं चाळीस. त्यात घाटातला रस्ता खचलेला. "तुमचा नंबर आहे, काका. येईल," कारकून म्हणायचा. चिडायला जागा नव्हती. मी रोज सकाळी ॲप उघडून बघायचो. 'प्रलंबित' हा शब्द हिरव्या रंगात यायचा.

ऑगस्टमध्ये अकरा दिवस धरलेला पाऊस बाराव्या दिवशी थांबला आणि लख्ख ऊन पडलं. मला एवढा आनंद झाला की मी लिलाबाईला दारातच म्हणालो, "चला, सुटलो!"

तिनं चपला काढल्या. "पावसात न्हाई पडत भिती, काका. वली असती तवर धरून ऱ्हाती. उगडीप झाली, ऊन लागलं, की बसती." एवढं बोलून ती भांड्यांना गेली.

"टेकू आहे ना?" मी वर्तमानपत्राआडून विचारलं. तिनं पाणी सोडलं होतं, तिला ऐकू गेलं नसावं.

साडेअकराला ओट्यावरचा तिचा फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून हेमलतानं तो उचलून तिच्या कानाला लावला. लिलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि चपला न घालता जिना उतरली. विठ्ठलरावांनी गाडी काढली. लवळ्यात गाडी लावल्यावर चढावर लिलाबाई आमच्या इतकी पुढे गेली की आम्हाला दिसेना.

आम्ही पोचलो तोवर वाडीनं माती उपसली होती. विश्रामनं मला सगळं सांगितलं. नथू दारातच बसला होता, रोजच्यासारखा. उन्हात. तिथे बसून राहिला असता तर त्याच्या अंगावर धूळसुद्धा उडाली नसती. पण खालच्या वाटेवर मोटारसायकल वाजली. "सायेब आलं वाटतं," असं म्हणाला आणि सदरा घालायला आत गेला. सदरा पश्चिमेच्या भिंतीवरच्या खुंटीला होता. भिंत कलली होती बाहेरच्या अंगाला, पण बसली ती खालून, आणि वरचा वासा, पत्रा, वरली माती सगळी आत आली.

मोटारसायकल दूधवाल्याची होती.

मी तिथे खूप रडलो. लोकांनी मला पाणी आणून दिलं, बसायला लाल खुर्ची दिली. तेही मला सहन झालं नाही, पण मी बसलो. लिलाबाई रडत नव्हती. ती नथूच्या केसांतली माती बोटांनी काढत होती आणि कुणी हात लावू पाहिला तर "थांबा" म्हणत होती.

पाचव्या दिवशी मला कारकुनाचा फोन आला. बातमी त्याला कळली होती. आवाज खरोखर जड झालेला होता. "काका, फार वाईट झालं. पण एक आहे, आता काही अडचण नाही. घर नाही हा एक रकाना, आणि बाई विधवा हा दुसरा. दोन्हींत बसतात. प्राधान्यक्रमात एकदम वर. फक्त जागेवरचा नवीन फोटो लागेल." मी त्याचे आभार मानले. खरंच मानले. एकतीस वर्षं मीही लोकांना असंच बोललो आहे, चांगल्या मनानं, आणि तेही माझे आभार मानून जात.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी पाहणीवाली मुलगी करंजटेपला आली. अपेक्षा तिचं नाव. वय असेल तेवीस-चोवीस, बूट चिखलानं भरलेले, पाठीवर सॅक. चाळीस गावं करून तिचा चेहरा उतरला होता. मीही गेलो होतो. कशाला, ते मला सांगता येणार नाही. न जाणं जमलं नाही एवढंच. घराच्या जागी मातीचा ढीग होता. वरून पाऊस पडून तो सपाट होत चालला होता, त्यात मधून मधून निळे पापुद्रे दिसत होते. लिलाबाई विश्रामच्या पडवीत राहत होती. ती बाहेर आली आणि ढिगासमोर उभी राहिली.

अपेक्षानं ॲप उघडलं. एका हातात छत्री, काखेत कागदांची फाईल, आणि फोटोसाठी मागे सरकायला चिखलात जागा नव्हती. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मोबाइल माझ्यापुढे केला. "काका, तुम्ही काढता का? तोवर मी कागदावरची नोंद करून घेते."

मी हात पुढे केला.

"त्यांना नका देऊ," लिलाबाई म्हणाली.

अपेक्षा थांबली. लिलाबाई माझ्याकडे बघत होती. आवाजात राग नव्हता. भांडी झाली, काकू, असं सांगताना असतो तसाच आवाज होता.

"तुमी नका काडू, काका. तुमचा फोटू लई चांगला येतो."

मी मागे सरलो. अपेक्षानं फाईल तोंडात धरली आणि एका हातानं फोटो काढला. लिलाबाईचं अर्धं डोकं कापलं गेलं, भिंगावर पावसाचा थेंब होता, एका कडेला छत्रीची काडी आली. माझ्या खिडकीवर असा फोटो आला असता तर मी वर न बघता परत केला असता.

चौथ्या दिवशी तो मंजूर झाला.